शक्ती दिली, मर्जी नाही

बाई मुख्य भूमिकेत असलेला सुपरहिरो सिनेमा आला की आपल्याकडे दोन टोळ्या कामाला लागतात. पहिली टोळी सिनेमा बघायच्या आधीच टाळ्या पिटते. बाईने गुंडाला लाथ घातली, क्रांती झाली, चला सेल्फी काढू. दुसरी टोळी सिनेमा बघायच्या आधीच नाक मुरडते. आता इथेही बायका घुसवल्या, आम्ही बघायचं तरी काय, असा तिचा टाहो असतो. जगातले सगळे पुरुष सुपरहिरो रातोरात सक्तीच्या निवृत्तीवर गेल्यासारखा. एका बाबतीत मात्र दोन्ही टोळ्यांचं एकमत आहे. सिनेमा कसा आहे याच्याशी दोघींनाही काडीचं देणंघेणं नाही.

मी या दोन्ही टोळ्यांच्या बाहेरची. मी फॅन आहे. नेरूळहून वाशीला, सीवूड्सला, वेळ पडली तर पनवेलला जाऊन असले सिनेमे बघते. उडणारे, बुडणारे, मुखवटेवाले, सगळे. शेवटची नामावली सरकत असताना सफाईवाला केरसुणी घेऊन शेजारी येऊन उभा राहिला तरी उठत नाही, कारण नावांच्या मागे पुढच्या भागाचा एखादा तुकडा दडवलेला असतो. इतकं इमानेइतबारे बघणाऱ्या माणसाला आवडलेल्या सिनेमाबद्दलही कडाकडा भांडायचा हक्क असतो. तो मी आज बजावणार आहे.

भांडणाचं निमित्त आहे ‘लोका: चॅप्टर १ – चंद्रा’. हा मल्याळम सिनेमा २८ ऑगस्ट २०२५ रोजी, दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाच्या दिवशी लागला. हिंदी अवतार आठवड्याभराने आला, पण नवी मुंबईला हिंदीसाठी थांबायचं कारण नव्हतं. वाशी स्टेशनजवळ केरळ हाउस असलेलं हे शहर आहे. आमच्या मजल्यावर गौरी बसल्या की दोन दारं सोडून ओणमच्या पायसमची तयारी सुरू असते. गौरी बोळवल्यावर शेजारच्या चेचीने, म्हणजे मल्याळी ताईने, मला ओढूनच नेलं.

आधी जमेची बाजू, कारण ती भक्कम आहे. तीसेक कोटींच्या आसपासच्या खर्चात, म्हणजे हिंदीतल्या एखाद्या बड्या नटाचं मानधनही भागणार नाही एवढ्या पैशात, दिग्दर्शक डॉमिनिक अरुणने हा सिनेमा उभा केला आणि त्याने जगभरात तीनशे कोटींच्या वर गल्ला जमवला. मल्याळममध्ये तोवर मामूटी-मोहनलाल यांच्याही एकाही सिनेमाने एवढा पल्ला गाठला नव्हता. आणि पोस्टरवर मधोमध उभी कोण? कल्याणी प्रियदर्शन, ‘हेराफेरी’वाल्या प्रियदर्शनची लेक. बाईच्या नावावर तिकीटखिडकी चालत नाही, असं ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकवलं, त्यांना उत्तर द्यायचे माझे श्रम वाचले.

पटकथेत शांती बालचंद्रन या लेखिकेचा हात आहे, आणि तो जाणवतो. चंद्रा कुणावर जीव जडला म्हणून लढत नाही. तिचं पोर पळवलेलं नाही. तिच्यावर बलात्कार झालेला नाही. आपल्या सिनेमात बाईच्या हाती शस्त्र द्यायचं तर आधी तिची अब्रू लुटावी लागते, हा अलिखित नियम आहे. जणू त्याशिवाय तिला राग येण्याची सोयच नाही. इथे राजाच्या माणसांनी एक आदिवासी वस्ती कापून काढलेली आहे आणि त्यातून वाचलेली एक पोर शतकानुशतकं जगते आहे. अब्रूच्या जागी सत्तेचा प्रश्न आला, एवढ्यासाठीसुद्धा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या असत्या. मागच्या रांगेतल्यांना पडदा दिसेनासा झाला असता म्हणून बसून राहिले.

आणि ती रात्र! निमिष रवीच्या कॅमेऱ्याने पकडलेलं ते बंगळूर. चंद्रा तिथे एका कॅफेत रात्रपाळी करते, पहाटेच्या आत घरी परतते आणि मोकळ्या रस्त्यावरून अशी चालते की रस्ता तिच्या मालकीचा वाटावा. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या पोरींनी हा सिनेमा का डोक्यावर घेतला, ते मला तिथे कळलं. कागदावर रात्र त्यांचीही आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला कामाची मुभा देतो. तिची संमती हवी आणि तिच्या संरक्षणाची जबाबदारी मालकाची. कायद्याने संमती विचारली, हे बरंच झालं. पण कंपनीची गाडी पहाटे तीनला सोसायटीच्या फाटकाशी थांबते तेव्हा तिथे वही असते. वहीत रखाने असतात: नाव, फ्लॅट, वेळ. रात्रपाळीहून आलेल्या मुलाकडे वॉचमन मानसुद्धा वर करून बघत नाही. मुलीची वेळ मात्र मिनिटासकट लिहिली जाते आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये कुणीतरी काका ‘सुरक्षेच्या दृष्टीने’ ती वही चाळतात. चंद्राच्या दाराशी वही नव्हती. थिएटरात पोरी शिट्ट्या मारत होत्या त्या तिच्या लाथेला कमी आणि न लिहिल्या गेलेल्या वेळेला जास्त होत्या, असं माझं मत आहे.

आता नावेची बाजू.

मध्यंतरात मी चेचीला विचारलं, “चंद्रा म्हणजेच नीली ना? ही नीली नेमकी कोण?”

चेची समोशाचं टोक मोडत म्हणाली, “अगं, आमच्या आजीच्या गोष्टीतली यक्षी. रात्री वाटेत उभी असते, सुंदर बाई. एकट्या पुरुषाला म्हणते, विड्याला जरा चुना दे. थांबला की संपला. सकाळी ताडाखाली नखं आणि केस.”

“आणि मग तिचं काय होतं?”

“काय होणार? पाद्री आला मंत्रवाला, बांधली तिला. गप्प केली.”

अख्ख्या सिनेमाचं सार मला त्या एका ‘बांधली’त सापडलं. कळ्ळियंकाट्टु नीलीला काबूत आणणारा तो पाद्री म्हणजे कडमट्टत्तु कत्तनार. अशा दंतकथा कोट्टारत्तिल शंकुण्णींनी ‘ऐतिह्यमाले’त गोळा केल्या, १९०९ पासून तिचे खंड निघू लागले. कत्तनाराच्या एका कथेत तो यक्षिणीच्या डोक्यात खिळा ठोकतो. खिळा बसला की ती माणसात येते, कुणाच्या तरी घरी मुकाट कामाला लागते. पुढे एक म्हातारी तिचे केस विंचरताना तो खिळा बघते आणि उपसून काढते, तेव्हा ती सुटते. भुताची गोष्ट म्हणून वाचा, नाहीतर लग्नाची म्हणून. दोन्हीकडे चपखल बसते.

यक्षीची खरी दहशत कशात होती? तिच्या सुळ्यांत नव्हे. ती कुणाच्या हुकमात नव्हती, यात. रात्री एकटी उभी, मनाला येईल त्याला थांबवणारी, बाप-भाऊ-नवरा यांपैकी कुणालाही उत्तर न देणारी. म्हणून तर तिला पाद्री लागला आणि खिळा लागला. ‘लोका’ने काय केलं? खिळा काढला आणि हातात नेमणूकपत्र ठेवलं.

चंद्रा कुणासाठी काम करते, आठवा. मूत्तोन, म्हणजे थोरला. त्याचा चेहरा दिसत नाही. फक्त आवाज येतो, हुकूम येतो. तो सांगेल तिथे जायचं, तो सांगेल तेवढंच करायचं, लोकांच्या नजरेत यायचं नाही. शेकडो वर्षांची, मरणाला न जुमानणारी, भिंती फोडणारी बाई फोनवर थोरल्याची परवानगी घेते! फाटकावरची वही गेली म्हणून मी हरखले होते. वही सिनेमाभर मूत्तोनच्या हातात होती. आणि तो आवाज कुणाचा? मामूटीचा. सिनेमाचा निर्माता कोण? दुल्कर सलमान, मामूटीचा मुलगा. शेवटाकडे काळ्या वेषात, तलवार परजत थिएटर डोक्यावर घेणारा पाहुणा कोण? पुन्हा दुल्कर. घरचंच कार्य म्हणायचं!

उत्तरार्धात तर पाहुण्यांची रीघ लागते. टोविनो थॉमसचा चात्तन, म्हणजे केरळी गोष्टींतलं खोडकर भूत, येतो, गमती करतो, टाळ्या घेतो, जातो. ज्या घटकेला चंद्राने पडदा भरून टाकायचा, त्या घटकेला तिला बाजूला सरकून पाहुण्यांना जागा करून द्यावी लागते. बरं, पूर्वार्धात तरी ती आपल्याला कुणाच्या डोळ्यांनी दिसते? समोरच्या फ्लॅटमधल्या तीन रिकामटेकड्या पोरांच्या. नस्लेनचा सनी गोड आहे, मला आवडला, पण गोष्ट त्याच्या खिडकीतून का? तिच्या खिडकीतून त्याच्याकडे बघितलं असतं तर सिनेमाची लांबी वाढली नसती, खर्च वाढला नसता. फक्त ती काय विचार करते हे कुणालातरी लिहावं लागलं असतं.

सप्टेंबर संपायच्या आत दुसऱ्या भागाची घोषणा झाली. नायक टोविनो. चात्तनची आणि त्याच्या शेकड्यांनी असलेल्या भावांची गोष्ट. म्हणजे बाईने दार फोडलं, जिना झाडला, वर दिवा लावला आणि मग हाक मारली: या दादा, बसा. मालिका अनेक नायकांची आहे, प्रत्येकाची पाळी येणार, हे मलाही कळतं. पण तीनशे कोटी कमावून देणाऱ्या नटाला कुठल्या निर्मात्याने असं सांगितलंय की तुझं काम झालं, आता रांगेत मागे उभा राहा? नट असता तर ‘चंद्रा २’, ‘चंद्रा ३’ आणि ‘चंद्रा: द बिगिनिंग’ची पोस्टरं एव्हाना झळकली असती.

बंगळूरच्या वादाने तर कहर केला. सिनेमातला खलनायक पोलिस अधिकारी शहरातल्या मुलींबद्दल गलिच्छ बोलतो. तो बायकांचा द्वेष्टा आहे हे दाखवायचं म्हणून त्याच्या तोंडी ते वाक्य होतं. गदारोळ झाला, निर्मात्यांनी माफी मागितली, संवादाला कात्री लागली. शहराची अब्रू वाचली! बाईबद्दल असं बोलणारे पुरुष त्या शहरात, आमच्या शहरात, तुमच्या सोसायटीत ढिगाने आहेत, त्यांचं काय? त्यांच्यावर कात्री चालत नाही, आरशावर चालते.

हे मल्याळमवाल्यांचं एकट्याचं पाप नाही. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी याचा घाऊक धंदा केला आहे. २०१७ मध्ये ‘वंडर वुमन’ आली. देवाच्या तोलामोलाची ही बाई, पण माणसांवर प्रेम करायला तिला एका वैमानिकाने शिकवावं लागलं. तो मेला, तर पुढच्या सिनेमात त्याला परत आणावं लागलं. ‘कॅप्टन मार्व्हल’ ८ मार्च २०१९ ला, महिला दिनाचा मुहूर्त साधून आली. तिच्या मानेवर तिची ताकद दाबून ठेवणारी चकती असते आणि गुरुजी तिला भावना आवरायला शिकवत असतात. खिळाच की हा! ती चकती उखडते तेव्हा मी किंचाळले होते, त्यात लाज नाही. सिनेमाने अब्जावर डॉलर कमावले. एवढ्यावर पुढचा सिनेमा तिचा एकटीचा असायला हवा होता. २०२३ च्या दिवाळीत ‘द मार्व्हल्स’ आला तो तिघींना एकात कोंबून आणि कथेला फाटा देऊन. ब्लॅक विडोची तऱ्हा त्याहून न्यारी. दहा वर्षं ती इतरांच्या सिनेमांत लाथा मारत राहिली, २०१९ मध्ये ‘एंडगेम’मध्ये तिला मारून टाकली, आणि तिच्या नावाचा सिनेमा निघाला २०२१ मध्ये. याला श्राद्ध म्हणतात. त्याच ‘एंडगेम’मध्ये सगळ्या नायिका काही क्षण एका चौकटीत उभ्या केल्या होत्या, सोसायटीच्या महिला दिनाच्या ग्रुप फोटोसारख्या. फोटो झाला, लिंबू-चमचा झाला, ‘सुपरमॉम’ छापलेला मग मिळाला, आता घरी जाऊन कुकर लावा.

म्हणजे सूत्र एकच आहे. बाईला हवी तेवढी शक्ती द्या. डोंगर उचलू दे, विमान अडवू दे. मर्जी तेवढी देऊ नका. तिने का लढायचं, कधी थांबायचं, कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायला एखादा थोरला, एखादा गुरू, एखादा मेलेला प्रियकर किंवा एखादं तान्हं बाळ ठेवा.

तान्हं बाळ म्हटल्यावर आपण घरी आलो. मराठी मुलखातली सुपरहिरो म्हणून पहिलं नाव कुणाचं येईल? हिरकणीचं. रायगडाचे दरवाजे बंद झाले, अंधार पडला, आणि ही गवळण सरळसोट कडा उतरून गेली. दोर नाही, वीज नाही, मंत्र नाही. कुठल्याही कोळीमानवाला लाजवील असा पराक्रम. पण कशासाठी? घरी बाळ भुकेलं होतं म्हणून. २०१९ च्या दिवाळीत प्रसाद ओकने सोनाली कुलकर्णीला घेऊन तिच्यावर सिनेमा केला, मी तोही पाहिला, डोळे पुसतच बाहेर आले. पण मनात किडा वळवळत राहिला. हिरकणी नुसतीच घरी जायचं होतं म्हणून, कुणी ‘दार उघडणार नाही’ म्हणालं याचा राग आला म्हणून कडा उतरली असती, तर बुरुजाला तिचं नाव मिळालं असतं का? चौकशी लागली असती.

जिवंतपणी मर्जी नाही म्हणून मेल्यावर तरी मिळावी? तीही सोय आपण ठेवलेली नाही. कोकणातल्या भुताखेतांची जुनी टिपणं उघडा. ती शाळामास्तरांकडून गोळा करवली होती ए. एम. टी. जॅक्सन या कलेक्टरने, ज्याला १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. ती पुढे एन्थोव्हेन साहेबाने पुस्तकरूपात छापली. त्यांत आणि आपल्या आज्यांच्या तोंडी भुतिणींची जी वर्गवारी आहे ती अशी: नवरा जिवंत असताना मेली तर जखीण, विधवा असताना मेली तर लावसट, बाळंतपणात मेली तर हडळ किंवा अळवंतीण. गावोगावी पाठ थोडा बदलतो, पण तत्त्व तेच. मेल्यावरही बाईची ओळख नवरा आणि बाळंतपण यांवरूनच! वेताळ मात्र भुतांचा राजा. त्याचं लग्न झालं होतं का, हे कुणी विचारत नाही.

आणि पडद्यावर कोण आलं? तात्या विंचू आला, १९९३ मध्ये. मुंज्या आला २०२४ मध्ये, आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा, कोकणातल्या भुताचा, पण हिंदीत. त्या मुंज्याची एकुलती इच्छा काय, तर आवडलेल्या बाईशी लग्न, तिची मर्जी असो-नसो. ‘लोका’पाठोपाठ, १२ सप्टेंबर २०२५ ला सुबोध खानोलकरचा ‘दशावतार’ लागला. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर कोकणच्या जंगलात जो बाबुली मेस्त्री उभा केला त्याला माझा साष्टांग दंडवत. लोककलेतून आपला अस्सल नायक काढता येतो हे त्या सिनेमाने सिद्ध केलं, थिएटरं भरली. म्हणजे आपल्याला जमत नाही, पैसा नाही, प्रेक्षक नाही, ही रड खोटी. जमतं. फक्त जमतं ते बाप्यांचं. हिंदीवाल्यांनी २०१८ मध्ये सिनेमाला ‘स्त्री’ असं थेट नाव दिलं. त्यातल्या श्रद्धा कपूरच्या पात्राला नाव द्यायचं मात्र राहून गेलं. गोष्ट विकी नावाच्या शिंप्याची. मराठीत २०१७ च्या ‘लपाछपी’त पूजा सावंतने जीव ओतला, पण तिच्या वाट्याला आलं ते पळणं, लपणं, सोसणं.

कुणी म्हणेल, बाई, काळाच्या मानाने बघा, हळूहळू होईल. हळूहळू? १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’त दुर्गा खोटे स्त्रीराज्याची राणी होती, शेजारी पाळलेला चित्ता घेऊन! (तेव्हाही गोम होतीच. शेवटी कळतं की ते सगळं राज्य म्हणजे गुरूने चेल्याला शिकवण्यासाठी रचलेली माया. मूत्तोन तेव्हाही होता.) १९३६ मध्ये शांतारामबापूंच्या ‘अमर ज्योती’त हीच दुर्गाबाई समुद्री लुटारूंची म्होरकी झाली, कारण राज्याच्या न्यायाने तिला तिचं मूल नाकारलं. बाळ इथेही आहे, पण ती नुसती बाळासाठी कडा उतरत नाही. ज्या कायद्याने ते हिरावलं त्या कायद्यावरच चाल करून जाते. आणि १९३५ मध्ये परळला वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’त नादिया घोड्यावरून चाबूक फडकावत गुंडांना लोळवत होती. गिरणगावातले कामगार पिटात उभे राहून तिच्या नावाचा गजर करायचे. ‘आता बायकाही घुसवल्या’ असं त्यांच्या मनातही आलं नाही. नव्वद वर्षं झाली. एवढ्या वेळात हळूहळू चालणारा माणूससुद्धा कुठेतरी पोचतो.

पडलेल्या सिनेमांचा हिशेब तर वेगळाच मांडला जातो. ‘द मार्व्हल्स’ आपटला, तर निकाल लागला: बायकांचे सुपरहिरो चालत नाहीत. त्याच २०२३ मध्ये ‘द फ्लॅश’ आपटला, ‘शझॅम’चा दुसरा भाग आपटला. पुरुष चालत नाहीत असं कुणी म्हणालं? आपल्याकडे ‘द्रोणा’ पडला २००८ मध्ये, ‘अ फ्लाइंग जट्ट’ पडला २०१६ मध्ये, ‘भावेश जोशी’ पडला २०१८ मध्ये. अभिषेक पडला, टायगर पडला, हर्षवर्धन पडला. प्रत्येक जण आपापल्या नावावर पडला. बाई पडते तेव्हा सगळ्या बायकांना घेऊन पडते, निदान हिशेबनीस तरी तसं लिहितात. म्हणूनच पहिल्या टोळीतल्या माझ्या मैत्रिणी मला दटावतात: टीका करू नकोस, आपलाच सिनेमा आहे, पडला तर पुन्हा कुणी काढणार नाही. ही भीती मला कळते, पण ती मान्य नाही. ज्याच्यावर बोलायचंच नाही तो सिनेमा नव्हे, आजारी नातेवाईक. चंद्रा आजारी नाही. तीनशे कोटींची धडधाकट बाई आहे, चार शब्द ऐकून घेईल.

मग हवंय काय तुला, असं चेचीने परतताना रिक्षात विचारलंच. हवंय ते लिहून ठेवते. आमच्याकडे साती आसरा आहेत. विहिरी, डोह, खाडीकाठी शेंदूर फासलेले सात दगड. सात जणी, कायम एकत्र, नवऱ्याचा पत्ता नाही, पाण्यावर हुकूम त्यांचा. टीमच्या शोधात अमेरिकेला जायला नको, तयार टीम आहे. आणि नवी मुंबईइतकं त्यांना कामाचं ठिकाण दुसरं नाही. हे शहरच खाडीत भराव घालून, खारफुटी मागे रेटून, मिठागरं आणि आगरी-कोळ्यांच्या जमिनी घेऊन उभं राहिलं. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं आणि २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाण्यावर सत्ता असलेल्या सात बायकांना राग यायला एवढं कारण पुरे आहे. त्यांच्यावर अत्याचार दाखवू नका. त्यांचं पोर बुडवू नका. त्यांना फोन करणारा थोरला ठेवू नका. त्यांना मटण-मासळी आवडते तर खाऊ द्या. इथल्या कित्येक आगरी-कोळी घरांत गौरीलाही सामिष नैवेद्य असतो, देवीला चालतो तर नायिकेलाही चालेल. सातांतली एक दुष्ट असू द्या, एक आळशी, एक विनोदी. एखादीने चुकीच्या माणसाला बुडवलं आणि तिला पश्चात्तापही झाला नाही, असंही घडू द्या. पुरुष नायकांना हे सगळं कधीच मंजूर झालेलं आहे.

आणि हो, तो सिनेमा वाईट निघाला तरी चालेल. टुकार निघू दे, सपाटून पडू दे. मग दुसरा काढा. तोवर कल्याणी प्रियदर्शनचा पुढचा भाग कधीतरी येईलच, आणि पहिल्या दिवशीचं तिकीट मीच काढणार आहे. बाहेर येऊन शिव्या घालायच्या की शिट्ट्या मारायच्या, हे सिनेमा बघून ठरवीन. दोन्ही टोळ्यांपैकी कुणालाही विचारणार नाही.